वाचकांचे प्रश्न : मालक नाही, तर जाणतो कोण?

मागील अंकात पाच स्कंधांविषयीच्या, म्हणजे माणूस ज्या पाच समूहांचा बनलेला मानतात त्यांविषयीच्या, एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहिले होते की, बौद्ध विचारात देह आणि मन यांच्या मागे बसलेला कोणी स्थिर मालक मानलेला नाही. या एका वाक्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे येतील, अशी माझी कल्पना नव्हती. काही पत्रांत जिज्ञासा आहे, काहींत नाराजी आहे आणि एका पत्रात तर मला नास्तिक ठरवून माझ्यासाठी प्रार्थनाही केलेली आहे. त्यांतील सहा पत्रे निवडून, त्यांचा आशय थोडक्यात देऊन, पुढे उत्तरे दिली आहेत.

कॉलेज रोड येथील एक निवृत्त शिक्षिका लिहितात : मी तीस वर्षे मराठी शिकवले, तरी बौद्ध ग्रंथांचे मराठी अनुवाद वाचताना अडखळते. तेथे ‘विज्ञान’ हा शब्द मनासाठी वापरलेला दिसतो. मन, चित्त आणि विज्ञान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का?

आपली अडचण खरी आहे, बाई, आणि ती आपल्याच भाषेने निर्माण केली आहे. पालीतील ‘विञ्ञाण’ संस्कृतात ‘विज्ञान’ होते, आणि आज मराठीत विज्ञान म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर उभी राहते. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांपैकी पहिले सोडले तर एकही नाव मराठी वाचकाला सुखाने पुढे जाऊ देत नाही. वेदना म्हणजे आपल्याकडे दुखणे. ग्रंथात मात्र सुखद, दुःखद आणि धड सुखद नाही की दुःखद नाही, अशा तिन्ही प्रकारच्या अनुभवांना वेदनाच म्हणतात, त्यामुळे वैशाखात उन्हातून घरी आल्यावर घेतलेला माठातल्या पाण्याचा पहिला घोट हीसुद्धा वेदनाच ठरते. संज्ञा म्हणजे ओळख पटणे, ‘हे निळे आहे’, ‘हा माझा भाऊ आहे’ अशी खूण मनात उमटणे. संस्कार म्हणजे घरचे वळण किंवा मुंज नव्हे, तर इच्छा, संकल्प, सवयी अशा मनाला घडवणाऱ्या सर्व क्रिया. विज्ञान म्हणजे विषयाची नुसती जाणीव. अनुवादकांनी सरळ ‘जाणीव’ हाच शब्द वापरला असता तर बरेच वाचक वाचले असते, असे मला वाटते. पण परंपरेने आलेला शब्द टाकायला अनुवादकाचा हात धजावत नाही, हेही समजण्यासारखे आहे.

आता आपला मूळ प्रश्न. कीर्तन-प्रवचने ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या कानात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार ही अंतःकरणाची चार नावे बसलेली असतात, आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते, हेही आपण गृहीत धरतो. ती वेदान्ताची मांडणी आहे. संयुत्त निकाय या पाली ग्रंथसंग्रहातील एका सुत्तात, म्हणजे प्रवचनात, बुद्ध मात्र ‘ज्याला चित्त म्हणतात, मन म्हणतात, विज्ञान म्हणतात ते’ असा तिन्ही शब्दांचा एकत्र उल्लेख करतात आणि त्याविषयी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट सांगतात. अडाणी माणसाने कशाला ‘मी’ म्हणायचेच असेल, तर मनापेक्षा देहाला म्हटलेले बरे, कारण देह निदान दहा, वीस, पन्नास, शंभर वर्षे टिकताना दिसतो. हे मन मात्र रात्रंदिवस एक म्हणून उपजते आणि दुसरे म्हणून मावळते. पुढे दृष्टान्त येतो तो रानातल्या माकडाचा : ते एक फांदी धरते, ती सोडून दुसरी धरते, ती सोडून तिसरी. आपल्याकडे माकड म्हटले की मनाचा चंचलपणा एवढाच अर्थ निघतो. येथे मात्र भर माझ्या मते फांदीवर आहे. कोणती तरी फांदी धरल्यावाचून ते माकड रानात कोठेच दिसत नाही. तशीच विषयावाचून नुसती जाणीव कोठे सापडत नाही. अभिधम्मात, म्हणजे या शिकवणीचे पद्धतशीर विश्लेषण करणाऱ्या ग्रंथांत, पुढे या तीन शब्दांच्या छटा वेगळ्या केल्या गेल्या, पण आरंभीच्या सुत्तांत तरी ही तीन खोल्यांची इमारत नाही.

नाशिकरोड येथील एक वाचक लिहितात : दीघ निकायात विज्ञान मातेच्या उदरात उतरते, असे वाक्य आहे. जे एका देहातून दुसऱ्या देहात उतरते त्याला आत्मा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही.

आपण म्हणता ते वाक्य महानिदान सुत्तात आहे, आणि आपली शंका बुद्धाच्या हयातीतच एका भिक्षूने बोलून दाखवली होती. मज्झिम निकायातील अडतिसाव्या सुत्तात साती नावाचा भिक्षू येतो. तो कोळ्याचा मुलगा होता. तो म्हणतो की, बुद्धाची शिकवण मला अशी कळली आहे : हेच विज्ञान संसारात धावते, फिरते, दुसरे नव्हे. इतर भिक्षू त्याला परोपरीने समजावतात, पण तो ऐकत नाही आणि गोष्ट बुद्धापर्यंत जाते. बुद्ध त्याला विचारतात, ‘साती, हे विज्ञान म्हणजे कोणते?’ तो उत्तर देतो, ‘जे बोलते, अनुभवते आणि ठिकठिकाणी बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगते ते.’ प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यापैकी दहांपैकी नऊ जण हेच उत्तर देतील. बुद्धांनी मात्र त्याला ‘मोघपुरुष’ म्हणजे पोकळ माणूस, असे खडसावले. सुत्तांत हा शब्द सहसा रागाच्या जागी येतो, आणि साती त्यानंतर मान खाली घालून गप्प बसला, असे वर्णन आहे.

पुढे जे स्पष्टीकरण येते ते आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. कारणावाचून विज्ञानाची उत्पत्ती नाही, आणि ज्या कारणाने ते उपजते त्यावरून त्याला नाव मिळते. डोळा आणि रूप यांमुळे उपजले तर चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांमुळे उपजले तर श्रोत्रविज्ञान, असे सहा प्रकार. त्याला दिलेला दृष्टान्त आपल्या चुलीपुढचाच आहे : लाकडाने पेटला तर लाकडाचा अग्नी, गवताने पेटला तर गवताचा, शेणाच्या गोवरीने पेटला तर गोवरीचा, तुसाने पेटला तर तुसाचा. गोवरीचा जाळ उठून लाकडात जाऊन बसला, असे आपण कधी म्हणत नाही. लाकूड लागले तर लाकडाचा जाळ होतो, एवढेच म्हणतो. सातीची चूक ‘विज्ञान पुढे चालू राहते’ असे म्हणण्यात नव्हती. ‘हेच, दुसरे नव्हे’ असे म्हणून त्याने घटनेची वस्तू केली, ही ती चूक होती.

मग ‘उतरते’ या क्रियापदाचे काय? त्याच महानिदान सुत्तात पुढे बुद्ध म्हणतात की, विज्ञानाला नामरूपाचा, म्हणजे मन आणि देह यांच्या जोडीचा आधार मिळाला नाही, तर तेही उभे राहू शकत नाही. बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांनी दुसऱ्या एका ठिकाणी एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली आहे. एक ओढली की दुसरी पडते. जो प्रवासी मुक्कामाच्या गावाशिवाय अस्तित्वातच नसतो, त्याला प्रवासी म्हणणे अवघडच आहे. ‘उतरते’ हे बोली भाषेतील क्रियापद आहे, जसे आपण ‘ऊन उतरले’ म्हणतो.

पिंपळगाव बसवंत येथील एक द्राक्ष बागायतदार लिहितात : आमच्या बागेतील वाणाला बी नसते. काडी घ्यायची, खुंटावर कलम करायची, की तोच वाण पुढे चालतो. नवी वेल जुनीच म्हणायची की वेगळी? पुनर्जन्म असाच समजायचा का?

आपले उदाहरण वाचून मला फार आनंद झाला. बी नाही, तरी परंपरा तुटत नाही. आणि ‘तीच वेल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाराही पूर्ण बरोबर नसतो आणि ‘नाही’ म्हणणाराही. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात हाच प्रश्न येतो : जो जन्मतो तो तोच की दुसरा? नागसेन उत्तर देतात, ‘तोही नव्हे आणि दुसराही नव्हे.’ रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नसते, पण पहाटे कोणी येऊन दुसरा दिवाही लावलेला नसतो. दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप होते, आणि तरी तुपाला दूध म्हणणारा मूर्ख ठरतो.

परंतु आपले उदाहरण एका जागी कमी पडते. कलम करताना काडी प्रत्यक्ष उचलून नेली जाते. जुन्या वेलीचा एक तुकडा नव्या जागी जातो. मिलिंद नेमके हेच विचारतो की, काहीही न जाता पुनर्जन्म कसा होईल? नागसेन त्याला दिव्यावर लावलेल्या दुसऱ्या दिव्याची आठवण देतात. पहिल्या दिव्यातले तेल नाही, वात नाही, काहीच दुसरीकडे गेले नाही. गुरूकडून पाठ केलेला श्लोकही गुरूच्या तोंडातून निघून शिष्याच्या तोंडात जाऊन बसत नाही. तो दोघांकडेही असतो. म्हणून आपण काडी सोडा आणि श्लोक धरा, एवढीच माझी सुचवणी आहे.

तोच माणूस नसेल तर कर्माचे फळ त्याने का भोगावे, ही शंका आपल्या पत्राच्या शेवटी आहे. त्यावर नागसेन आंबे चोरणाऱ्याची गोष्ट सांगतात. तो पकडला गेल्यावर म्हणतो की, बागवानाने लावली ती कोय होती आणि मी घेतले ते आंबे, मग मी त्याचे काय चोरले? असा बचाव आपल्या बागेत माल काढणीला आला असताना कोणी केला, तर आपण काय कराल, ते मला विचारण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आत्मा नाकारला तर कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय करायचे, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ठळकपणे मांडला आहे. त्यांचे उत्तर नागसेनांच्या वाटेने न जाता देह ज्या भौतिक तत्त्वांचा बनलेला आहे, त्यांच्या विघटनाकडे आणि पुन्हा एकत्र येण्याकडे वळते. ज्या जिल्ह्यात येवल्याची 13 ऑक्टोबर 1935 ची धर्मांतराची घोषणा झाली, त्या जिल्ह्यातील वाचकांना हे दोन मार्ग वेगळे आहेत, हे सांगितलेच पाहिजे. दोन्ही मार्गांत एक माणूस तसाच्या तसा दुसऱ्या देहात जात नाही.

अंबड येथील एक तरुण अभियंता लिहितात : इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. सातव्या दिवशी शरीरातील संवेदना येताना-जाताना स्पष्ट जाणवू लागल्या, पण त्यांच्याकडे पाहणारा ‘मी’ मात्र स्थिर होता. हा साक्षी म्हणजेच आत्मा नव्हे काय? शिवाय गाढ झोपेत विज्ञान नसते, तर सकाळी उठतो तो कोण?

आपण अनुभव जसा आला तसा लिहिला, त्याबद्दल आभार. पहिले तीन दिवस श्वासावर आणि चौथ्या दिवसापासून संवेदनांवर लक्ष ठेवणाऱ्या बहुतेकांना हा साक्षी कधी ना कधी भेटतो. मोळिय फग्गुन नावाच्या भिक्षूने बुद्धांना याच वळणाचे प्रश्न विचारले होते : स्पर्श कोण करतो? अनुभवतो कोण? प्रत्येक वेळी उत्तर आले की, हा प्रश्न योग्य नाही. ‘कोण अनुभवतो’ असे विचारू नये, ‘कशामुळे अनुभव होतो’ असे विचारावे. हे उत्तर टाळणे नव्हे. ‘कोण’ म्हटले की उत्तरात माणूस आधीच येऊन बसतो. मग तो शोधून काढण्यात विशेष ते काय?

मराठी बोलणाऱ्याला ही गोष्ट कळायला थोडी सोपी जावी. आपण ‘मी रागावलो’ म्हणतो, पण त्याहून सहज ‘मला राग आला’ म्हणतो. मला झोप लागली, मला आठवण झाली, मला कंटाळा आला, मला ते पटले : या वाक्यांत करणारा कोणी नाही, राग येतो, झोप लागते, आठवण होते. उरतो तो फक्त ‘मला’, आणि आपला साक्षी हा त्या ‘मला’मध्येच राहतो. त्यालाही तपासून पाहा. सतिपट्ठान सुत्तातील तिसरे आलंबन, म्हणजे ध्यानाचा विषय, चित्त हेच आहे. सराग चित्ताला सराग म्हणून आणि विखुरलेल्या चित्ताला विखुरलेले म्हणून जाणणे, असे तेथे सांगितले आहे. ‘मी पाहतो आहे’ हा विचारही त्या यादीतून सुटत नाही. तो सातव्या दिवशी दुपारी होता, चहाच्या घंटेच्या वेळी होता का, हे आपल्यालाच माहीत.

जाणीव स्वतःला जाणते की नाही, यावर बौद्धांमध्येच मोठा वाद झाला. दिङ्नागांनी ‘स्वसंवेदन’ मानले, म्हणजे प्रत्येक ज्ञान विषयाबरोबर स्वतःलाही उजळते. शांतिदेवांनी ते नाकारताना तलवारीची धार स्वतःला कापत नाही, ही उपमा वापरली. दोघांनीही मागे बसलेला साक्षी मात्र मानला नाही.

झोपेविषयी पाली ग्रंथ मानणाऱ्या थेरवाद पंथाच्या अभिधम्माचे उत्तर फार नीटस आहे. गाढ झोपेतही चित्तांचा प्रवाह थांबत नाही. त्या अवस्थेतील चित्ताला ‘भवंग’ म्हणतात. अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, त्यासाठी आंब्याखाली डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. पिकलेला आंबा कानाजवळून खाली पडतो. त्या आवाजाने त्याला जाग येते, तो डोळे उघडून पाहतो, हात लांबवून फळ उचलतो, दाबून बघतो, हुंगतो, खातो, आणि पुन्हा झोपी जातो. झोप हे भवंग. बाकीच्या एकेका कृतीला त्या शास्त्रात एकेका चित्ताचे नाव आहे, आणि रस घेत खाणे म्हणजे ‘जवन’. डोळ्यासमोर आलेल्या एका स्पष्ट रूपाची पूर्ण प्रक्रिया सतरा चित्तक्षणांची मोजली आहे, त्यांत जवनाचे सात. कर्म घडते ते या सात क्षणांत. आंबा पडणे आपल्या हाती नसते. शिबिरात आपण संवेदनेकडे तटस्थपणे पाहण्याचा जो सराव केलात, तो त्या खाण्याच्या पद्धतीचा सराव होता, असे म्हणता येईल.

पंचवटी येथील एक वाचक विचारतात : बौद्ध मतानुसार मन मेंदूत असते की हृदयात?

थोडक्यात सांगतो. अभिधम्मातील पट्ठान या ग्रंथात मनोविज्ञान ज्या रूपाच्या आधाराने चालते ‘ते रूप’ एवढेच म्हटले आहे, अवयवाचे नाव घेतलेले नाही. ते हृदय होय, असे नंतरच्या अट्ठकथाकारांनी ठरवले. मूळ ग्रंथाने मोकळी ठेवलेली जागा भाष्यकाराने भरावी, असे आपल्या देशात नेहमीच होत आले आहे.

पाथर्डी फाटा येथील एका वाचक भगिनी लिहितात : आम्ही त्रिरश्मी लेण्यांजवळ राहतो. तेथील भिक्षू हेच तत्त्वज्ञान शिकवीत असतील का?

ताई, आपल्या प्रश्नाने मला या सदराचा सर्वांत अवघड भाग लिहायला लावला, कारण खरे उत्तर ‘सगळेच नाही’ असे आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. आपण शाळेत त्यातील सातकर्णीच्या पराक्रमाचे वर्णन शिकतो आणि दान कोणाला दिले ते विसरतो. ते ‘भदावनीय’ म्हणजे भद्रायनीय निकायाच्या (येथे निकाय म्हणजे पंथ) भिक्षूंना दिलेले आहे, आणि हा निकाय वात्सीपुत्रीयांची एक शाखा होता.

वात्सीपुत्रीय आणि त्यांच्या शाखा ‘पुद्गल’ मानीत. पुद्गल म्हणजे व्यक्ती. ती पाच स्कंधांहून वेगळी नाही आणि स्कंध म्हणजेच ती असेही नाही. ती ‘अवक्तव्य’ आहे, अशी त्यांची भूमिका होती. गंमत अशी की, त्यांचा आवडता दृष्टान्त अग्नी आणि इंधन हाच होता. सातीला समजावताना ज्या जाळाने ‘नेणारे कोणी नाही’ असे दाखवले, त्याच जाळाकडे बोट दाखवून हे म्हणत की, अग्नी इंधनाहून वेगळा काढता येत नाही, पण इंधन म्हणजे अग्नी नव्हे, तशीच व्यक्ती. इतर निकायांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. कथावत्थु या ग्रंथाचा पहिला वाद पुद्गलाचाच आहे, आणि आचार्य वसुबंधूंनी आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या शेवटी एक पूर्ण प्रकरण त्यांच्या खंडनात घातले. त्यांची बाजू आपल्याला आज मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून आणि थोड्याशा चिनी अनुवादांतून कळते. तरीही हा मूठभर लोकांचा हट्ट नव्हता. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू युआन श्वांग भारतात आला, तेव्हा त्यांच्यापैकी सम्मितीय शाखेचे भिक्षू फार मोठ्या संख्येने होते.

मला ते चुकले असे वाटते, पण ते का चुकले, हे वरची पाच पत्रे वाचल्यावर नीट कळते. नाशिकरोडच्या वाचकांना उतरणारा कोणी हवा आहे, अंबडच्या तरुणाला पाहणारा हवा आहे, बागायतदारांना फळ भोगणारा हवा आहे. ही मोकळी जागा सर्वांनाच टोचली. थेरवादाने तेथे भवंगाचा प्रवाह ठेवला, असंग आणि वसुबंधूंच्या योगाचार परंपरेने सहा विज्ञानांच्या पलीकडे बीजे साठवणारे आलयविज्ञान मानले आणि भद्रायनीयांनी पुद्गल. पहिल्या दोघांनी तेथे क्षणोक्षणी बदलणारी गोष्ट ठेवली, म्हणून त्यांचे निभावले, असे माझे मत आहे.

पुद्गलवाद्यांचा मोठा आधार होता भारहार सुत्त. त्यात पाच स्कंधांना ओझे म्हटले आहे आणि ओझे वाहणारा कोण, तर ‘अमुक नावाचा, अमुक गोत्राचा आयुष्मान’ अशी व्यक्ती, असे म्हटले आहे. ते म्हणत, पाहा, बुद्धांनीच वाहणारा वेगळा सांगितला. वसुबंधूंचे उत्तर असे की, ही केवळ व्यवहाराची भाषा आहे. आता पुन्हा लेण्यावर गेलात, तर तिसऱ्या लेण्याच्या पुढील भागाखाली पाहा. व्हरांड्याचा सगळा भार खांद्यांवर घेतलेले सहा यक्ष तेथे अर्धे खडकात आणि अर्धे बाहेर कोरलेले आहेत. शिल्पकाराच्या मनात भारहार सुत्त होते, असा दावा मी करीत नाही. असे भारवाहक इतरत्रही कोरले जातात. आत भिंतीवरच्या लेखात राजमातेचे, तिच्या मुलाचे आणि नातवाचे नाव-गोत्र ओळीने सांगितले आहे. खाली ओझे वाहणाऱ्या या सहा जणांचे नावही नाही आणि गोत्रही नाही.